पोस्टाची आरडी घ्यावी का? हप्ता, दंड, सूट आणि मार्च महिन्याचं गणित

लक्ष्मी रस्त्यावरचं सिटी पोस्ट, कॅम्पातलं जीपीओ, डेक्कन, कोथरूड, हडपसर. पुण्यात बचत खात्यांचं काम करणारं पोस्ट शोधायला फार चालावं लागत नाही. तिथल्या काउंटरवर ज्या योजना मिळतात, त्यांत साधं बचत खातं सोडलं तर सगळ्यांत कमी व्याज पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला आहे. ही ठेव सगळे 'आरडी' म्हणूनच ओळखतात. ऑक्टोबर २०२३मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला, त्या वेळी एक वर्षाच्या मुदत ठेवीला ६.९, पीपीएफला (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीला) ७.१ आणि राष्ट्रीय बचत पत्राला ७.७ टक्के मिळत होते. खालची सगळी आकडेमोड आरडीसाठी ६.७ आणि पीपीएफसाठी ७.१ टक्के धरून केली आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, म्हणून खातं उघडाल त्या दिवशीचा आकडा काउंटरवर विचारून घ्या.

दर कमी असूनही ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यातच संपतो, त्या घरानं पहिलं पाऊल याच खात्यात टाकावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात काटकसर होत नाही असं नाही. उन्हाळ्यात मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून वर्षाचा गहू-तांदूळ भरला जातो, भाजी संध्याकाळी मंडईतून येते, जुन्या पुस्तकांवर धाकट्याची इयत्ता निघते. पैसा सुटतो, पण सुटलेला पैसा पगाराच्याच खात्यात पडून राहतो. जूनमधली शाळेची फी, गणपती, दिवाळी या तीन ठेचांत तो कुठे गेला हे कळतही नाही. वाचवलेला पैसा खर्चाच्या खात्यातून दर महिन्याला उचलून लांब ठेवणं, हे आरडीचं खरं काम आहे. व्याज त्यानंतर येतं.

आधी आकडे पाहू. कमीत कमी हप्ता १०० रुपये आणि त्यापुढे १०च्या पटीत कितीही. हप्ते ६०. व्याजाची चक्रवाढ तिमाही. दरमहा १,००० रुपये भरले तर पाच वर्षांत ६०,००० जमा होतात आणि हातात साधारण ७१,३६६ येतात. २,००० रुपयांच्या हप्त्याला १,२०,०००चे १,४२,७३२ आणि ५,०००च्या हप्त्याला ३ लाखांचे ३,५६,८३०. पाच वर्षांत जमेच्या एकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज, हे काही डोळे दिपवणारं नाही. पण हे आकडे खातं उघडताना ठरतात ते शेवटपर्यंत तसेच राहतात. मध्ये दर घसरले तरी तुमचा दर बदलत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. एप्रिल २०२०पासून मार्च २०२३पर्यंत आरडीचा दर ५.८ टक्के होता. त्या काळात उघडलेलं खातं पुढे दर ६.७ झाल्यावरही ५.८वरच चालत राहिलं. हा मुद्दा मुदत संपताना फार महत्त्वाचा ठरतो, कारण पाच वर्षं झाल्यावर अर्ज देऊन खातं आणखी पाच वर्षं वाढवता येतं आणि वाढीव काळातही मूळ खात्याचाच दर लागतो. नवा दर जुन्यापेक्षा जास्त असेल तर खातं बंद करून नवं उघडा. नवा दर कमी असेल तर जुनंच वाढवा. काउंटरवर हा हिशेब कुणी आपणहून मांडून दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका. पासबुकाच्या पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख असते, तिच्यावरून आपला दर ओळखून मगच फॉर्मला हात लावा. वाढवलेलं खातं नंतर कधीही बंद करता येतं. मात्र पूर्ण झालेल्या वर्षांना आरडीचा दर आणि उरलेल्या अर्धवट महिन्यांना बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो. म्हणून बंद करायचं ते वाढीव वर्ष पूर्ण झाल्यावर लगेच.

आता तारखांकडे वळू, कारण बहुतेकांचा पैसा इथे गळतो. खातं महिन्याच्या १ ते १५ तारखेदरम्यान उघडलं असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. १६ तारखेपासून पुढे उघडलं असेल तर महिन्याच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. पगार १ ते ७ तारखेला होत असेल तर खातं पहिल्या पंधरवड्यातच उघडा. महिनाअखेरची मुदत ऐकायला सोयीची वाटते, पण तोवर पगार उडालेला असतो. रिक्षा, मेस, छोटं दुकान असं रोजचं उत्पन्न असेल तर मात्र दुसरा पंधरवडा बरा, कारण रोज थोडं बाजूला टाकायला पुरते चार आठवडे मिळतात.

हप्ता चुकला तर दर १०० रुपयांना महिन्याला १ रुपया दंड. २,०००च्या हप्त्याला २० रुपये. रक्कम किरकोळ दिसते, पण महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा टक्के, तुम्हाला मिळणाऱ्या व्याजाच्या जवळजवळ दुप्पट. आधी थकलेला हप्ता दंडासकट आणि मग चालू हप्ता, असा भरण्याचा क्रम असतो. सलग चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. चौथा हप्ता चुकल्यापासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घेता येतं. तीही मुदत गेली तर त्या खात्यात पुढे पैसे भरता येत नाहीत. आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. चुकलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील तर खात्याची मुदत तेवढेच महिने पुढे ढकलून, राहिलेले हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरता येतात. घरात आजारपण निघालं किंवा नोकरीत खंड पडला तर हा मार्ग आहे, त्यासाठी खातं मोडायची गरज नाही.

खातं मोडण्याचा नियम कडक आहे आणि आमच्या मते तो असाच असावा. तीन वर्षांच्या आत आरडी मोडता येत नाही. तीन वर्षांनंतर मोडली तर व्याज बचत खात्याच्या दरानं, म्हणजे ४ टक्क्यांनी. दरमहा २,०००ची आरडी बरोबर ३६ हप्त्यांनंतर मोडली तर ७२,००० रुपयांवर सुमारे साडेचार हजार व्याज हाती येतं. ६.७ टक्क्यांनी तोवर ते ७,९००च्या आसपास झालेलं असतं. म्हणजे मोडण्याची किंमत झाली साधारण ३,४०० रुपये. याउलट, बारा हप्ते पूर्ण झाल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजानं. त्याच खात्यावर ३०,००० रुपये सहा महिन्यांसाठी ८.७ टक्क्यांनी उचलले तर खर्च येतो १,३०५ रुपये आणि आरडी आपली चालूच राहते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेलं झटपट कर्ज यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. कर्ज फेडायचं राहिलं तर मुदतीअंती रकमेतून व्याजासकट वळतं होतं. फेडता येत असेल तर तसं राहू देऊ नका, कारण पाच वर्षांनी जो एकरकमी पैसा हाती यायचा, तोच त्यातून कमी होतो.

यातून निघणारी एक साधी सूचना. ३,०००ची एक आरडी उघडण्याऐवजी १,०००च्या तीन उघडा. एका व्यक्तीला कितीही खाती उघडता येतात. अडचण आली तर तिन्हींतली एकच मोडावी लागते आणि उरलेल्या दोन पूर्ण व्याजानं पुढे जातात. पासबुकं तीन सांभाळावी लागतात, एवढाच काय तो व्याप.

आगाऊ हप्त्यांवर सूट आहे. सहा हप्ते एकदम भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये आणि बारा हप्ते भरले तर ४० रुपये. २,०००च्या खात्याला सहा महिन्यांवर २०० आणि बारा महिन्यांवर ८०० रुपये. ही सूट घ्यावी का? बारा हप्ते आगाऊ म्हणजे प्रत्येक हप्ता सरासरी साडेपाच महिने लवकर भरणं. त्या मानानं २४,००० रुपयांवरची ८००ची सूट वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आसपास पडते. सहा हप्त्यांचा हिशेब केला तर आठ टक्के. बचत खात्यातल्या ४ टक्क्यांपेक्षा दोन्ही सरस, आणि शिवाय तेवढे महिने दंडाची धास्ती नाही. दिवाळीचा बोनस हाती आला की सगळ्यात आधी चालू आरडीचे सहा हप्ते भरून टाका. मग त्या सहा महिन्यांत दरमहा मोकळे होणारे पैसे जूनच्या फीसाठी वेगळे काढता येतात. सूट आपोआप मिळेल असं धरून चालू नका. आगाऊ किती हप्ते भरताय ते स्लिपवर स्पष्ट लिहा आणि पासबुकात नोंद झाली का ते तिथेच पाहा.

खातं उघडताना आधार, पॅन, दोन फोटो, भरलेला फॉर्म, पैसे भरण्याची स्लिप आणि वारसदाराचं नाव-पत्ता लागतो. आरडीच्या आधी किंवा तिच्याबरोबरच पोस्टाचं बचत खातं उघडा, त्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. ते नसेल तर प्रत्येक हप्त्याला रांग आणि मुदतीअंती रक्कम वळती करताना खेटे. असेल तर हप्ता तिथून जातो, नेट बँकिंग घेता येतं आणि मुदत संपल्यावर खातं बंद करण्याचा अर्ज दिला की पैसे थेट त्यात जमा होतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपमधूनही आरडीचा हप्ता भरता येतो. त्यासाठी आरडीचा खाते क्रमांक आणि पोस्टाचा ग्राहक क्रमांक लागतो. या ग्राहक क्रमांकाला काउंटरवर 'सीआयएफ' म्हणतात.

या सीआयएफमध्ये एक गोम आहे. जुनं खातं एका पोस्टात आणि नवं दुसऱ्या पोस्टात उघडलं, नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा जन्मतारखेत फरक पडला, की एकाच माणसाचे दोन सीआयएफ तयार होतात. मग नेट बँकिंगमध्ये काही खाती दिसतात, काही दिसत नाहीत. नवं खातं उघडताना जुनं पासबुक बरोबर न्या, 'याच सीआयएफखाली उघडा' असं सांगा आणि दोन क्रमांक आधीच झाले असतील तर ते एकत्र करण्याचा अर्ज द्या. नाव आधार, पॅन आणि पासबुक तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची कामं मुदतपूर्तीच्या वेळी बहुधा याच कारणानं अडतात.

पोस्टात जाणं जमत नसेल तर एजंट ताई आहेत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमलेल्या या महिला घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊन हप्ता घेतात. त्यांना सरकारकडून ४ टक्के कमिशन मिळतं, त्यामुळे तुम्ही वेगळं काही द्यायचं नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये कित्येक घरांची बचत याच ताईंच्या पायपिटीमुळे टिकली आहे आणि हे काम मोलाचं आहे. ॲपवरून येणारी सूचना बोटानं बाजूला सारता येते, दारात उभ्या असलेल्या ताईंना 'पुढच्या महिन्यात' सांगणं तितकं सोपं नसतं. पण व्यवहार चोख ठेवा. पैसे दिल्यावर त्या जे कार्ड भरून सही करतात, ते तुमच्याकडे राहायला हवं. हप्ता पोस्टात जमा झाल्याचा खरा पुरावा मात्र पासबुकातली नोंद हाच. दर तीन महिन्यांनी पासबुक मागून घ्या, कार्डावरच्या तारखा आणि पासबुकातल्या तारखा जुळवा, आणि मोबाइल क्रमांक खात्याला जोडून घ्या. विश्वास ठेवूनही हे करता येतं, आणि चांगल्या एजंट ताई स्वतःच तसा आग्रह धरतात.

तुलना करायची ती कशाशी? बँकेच्या आरडीचा दर कधी पोस्टापेक्षा थोडा जास्त, कधी थोडा कमी. मुदत हवी तशी घेता येते, हप्ता खात्यातून आपोआप जातो, रांग नाही. ज्याचा हात स्वतःच्या ताब्यात आहे त्याला बँकेची आरडी पुरेल. पण बहुतेक बँकांची आरडी फोनवरच दोन-तीन टिचक्यांत मोडते, आणि नवीन मोबाइलचा मोह नेमका रात्री अकरा वाजता होतो. पोस्टाची तीन वर्षांची बंदी पैशाची राखण करते. दुसरीकडे, एक वर्षानं लागणाऱ्या पैशासाठी पोस्टाची आरडी घेऊ नका. शाळेची फी, गाडीचा विमा, एप्रिल-मेमधला महापालिकेचा मिळकतकर यांसाठी बँकेची बारा महिन्यांची आरडीच योग्य. मिळकतकर मुदतीत भरल्याची सूट त्या पैशातून घेता येते. स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत बिलात लागली नसेल तर पीटी-३ अर्ज भरून ती मिळवा. वर्षानुवर्षं जाणारा मोठा खर्च तेवढ्यानं कमी होतो आणि सुटलेल्या रकमेचा आणखी एक हप्ता उभा राहतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत पोस्ट वेगळ्या पंक्तीत बसतं. पोस्टातल्या संपूर्ण रकमेमागे केंद्र सरकार उभं असतं. बँकेत, सहकारी बँक धरून, ठेव विम्याचं संरक्षण माणशी ५ लाखांपर्यंत, तेही फेब्रुवारी २०२०पासून. त्याआधी ते १ लाखच होतं. पुणेकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली कित्येक वर्षं ठेवीदार आपल्याच पैशासाठी ताटकळले. पतसंस्थेतल्या पिग्मीला आणि ठेवीला तर हा विमा लागूच होत नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवणाऱ्यांना आम्ही कळकळीनं सांगू की तसं करू नका. भिशीत ओळखीची माणसं असतात, शिस्तही लागते, पण व्याज नाही, लेखी काही नाही, आणि एका घरानं हप्ता थांबवला की सगळ्यांचं गणित कोलमडतं.

जाणकार वाचक विचारेल, की महिन्याला हजार रुपये भरायचेच आहेत तर दर महिन्याला १,००० रुपयांचं राष्ट्रीय बचत पत्र का घेऊ नये? ७.७ टक्क्यांनी हजाराचे पाच वर्षांत १,४४९ होतात, म्हणजे आरडीपेक्षा जास्तच. गणित बरोबर आहे. पण चुकलेल्या महिन्याला दंड नाही, म्हणून ज्याची सवय अजून बसायची आहे त्याचे महिने चुकत जातात. शिवाय पाच वर्षांत साठ वेगळ्या नोंदी, साठ वेगळ्या मुदती, आणि पाच वर्षं हे पैसे मध्ये काढता येत नाहीत. पहिली आरडी एकही हप्ता न चुकवता पूर्ण केलेल्या माणसानं पुढे बचत पत्राकडे जरूर वळावं.

हप्ता किती ठेवावा, याचं उत्तर चांगल्या महिन्यावरून काढू नका. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं पासबुक उघडा, सगळ्यांत ओढाताणीचा महिना शोधा, आणि त्या महिन्यातही जी रक्कम देता आली असती तीच हप्ता म्हणून घ्या. ५०० निघाली तर ५००. मोठ्या हप्त्यानं सुरुवात करून आठव्या महिन्यात खंडित होणारी आरडी काहीच साधत नाही. हप्ता वाढवायचा तो नवं खातं उघडून, आणि त्यासाठी ठरावीक प्रसंग पकडा. दुचाकीचा किंवा फ्रिजचा ईएमआय संपला की पुढच्याच महिन्यात त्याच रकमेची आरडी सुरू करा. तेवढ्याशिवाय घर चालतं हे दोन वर्षांत सिद्ध झालेलंच असतं. पगारवाढ झाली की वाढीतला निम्मा भाग. मुलाचा क्लास संपला की त्या फीचा आकडा. काटकसरीतून सुटलेली प्रत्येक रक्कम महिन्याभरात कुठल्या तरी हप्त्याला जोडली नाही, तर ती खर्चात विरघळते.

आता या खात्याचा सगळ्यांत चांगला उपयोग, पीपीएफबरोबरची जोडी. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. ६०,००० रुपये १ ते ५ एप्रिलदरम्यान एकदम भरले तर ७.१ टक्क्यांनी त्या वर्षाचं व्याज ४,२६० रुपये. तेच दरमहा ५,००० प्रमाणे ५ तारखेच्या आत भरले तर सुमारे २,३०८. आणि कर वाचवायच्या घाईत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरले तर त्या वर्षी शून्य. म्हणजे पीपीएफला एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत एकरकमी पैसा हवा असतो, आणि पगारदाराकडे नेमका तोच नसतो. आरडी ती रक्कम तयार करून देते.

म्हणून आरडी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उघडा. मार्च २०२६च्या १० तारखेला उघडलेली आरडी मार्च २०३१च्या १० तारखेला पूर्ण होते आणि पैसे तीन आठवड्यांत, नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या पाच दिवसांत, पीपीएफला जातात. दरवर्षी मार्चमध्ये १,०००ची एकेक आरडी वाढवत नेली तर पाचव्या वर्षी महिन्याचा एकूण हप्ता ५,००० होतो. सहाव्या वर्षापासून प्रत्येक मार्चमध्ये एक आरडी पूर्ण होऊन ७१,३६६ रुपये देते, आणि त्याच दिवशी तिच्या जागी नवी उघडायची. खिशावरचा भार ५,०००वरच राहतो. पीपीएफ मात्र पहिल्याच मार्चमध्ये ५०० रुपये भरून उघडून ठेवा आणि दरवर्षी किमान ५०० भरत राहा, कारण पीपीएफच्या पंधरा वर्षांच्या मुदतीचं घड्याळ खातं उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून धावतं. त्या किमान रकमेत खंड पडला तर प्रत्येक वर्षामागे ५० रुपये दंड भरून खातं चालू करावं लागतं.

एप्रिल २०३१पासून एप्रिल २०४०पर्यंत अशा दहा रकमा पीपीएफमध्ये गेल्या, तर दर तेच राहिल्यास मार्च २०४१अखेर साधारण १० लाख ६१ हजार होतात. या दहा रकमांसाठी खिशातून गेलेले पैसे ६ लाख. शिवाय पाच आरड्या त्या दिवशीही चालू असतात. पीपीएफचा दर मात्र आरडीसारखा बांधलेला नसतो. एप्रिल २०२०पासून तो ७.१ आहे, पण त्याआधी तो याहून जास्त होता आणि पुढे कमीही होऊ शकतो.

कराचा भाग थोडक्यात. पीपीएफचं व्याज करमुक्त, आरडीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ६.७चे हाती ५.३ टक्के उरतात, तीस टक्क्यांत ४.६. नव्या करप्रणालीत ८०सीची, म्हणजे पीपीएफसारख्या गुंतवणुकीबद्दल उत्पन्नातून मिळणारी, वजावट नाही, पण पीपीएफच्या व्याजाला तिथेही कर नाही. वरच्या टप्प्यातल्या पगारदारानं आरडी फक्त रक्कम जमवण्यापुरती वापरावी आणि लगेच पुढे वळवावी. महागाई पाच-सहा टक्क्यांवर गेली की आरडीतला पैसा जेमतेम आपली किंमत राखतो, हेही मान्य करायला हवं. पंधरा-वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशाचा काही हिस्सा इंडेक्स फंडातल्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडातल्या) एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या ठरावीक गुंतवणुकीत, असावा, पण चढ-उतार पाहून घाबरून विकणार नाही एवढी गाठीला पुंजी जमल्यावर. ती पुंजी आरडीच जमवून देते.

सेवेतल्या उणिवा सांगितल्या नाहीत तर हे परीक्षण अपुरं राहील. १५ तारखेच्या आधीचे दोन दिवस आणि मार्चअखेर गर्दी असते, आणि यंत्रणा मंदावली की सगळी रांग थांबते. बचतीच्या काउंटरच्या वेळा प्रत्येक पोस्टात सारख्या नसतात, जाण्याआधी विचारून घ्या. खातं एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टात बदलता येतं, म्हणून घर बदललं की तेही काम उरकून घ्या. पासबुक छापण्याचं यंत्र बंद असेल तर हातानं नोंद करून शिक्का मारून मागा. आणि मुदत संपलेलं खातं विसरून जाऊ नका. तीन वर्षांत ते बंद केलं नाही किंवा वाढवलं नाही, तर पोस्ट ते गोठवतं आणि मग ओळखपत्रं, पासबुक, अर्ज घेऊन पुन्हा पहिल्यापासून धावपळ करावी लागते. खातं उघडलं त्याच दिवशी पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलनं मुदतीची तारीख, वारसदाराचं नाव आणि सीआयएफ लिहून ठेवा, आणि पासबुक कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.